दिशाच्या खोलीतली ढोबळी मिरची

१४ एप्रिल, सोमवार

धाटावच्या कंपनीत सगळी नोकरी लॉगबुक भरण्यात गेली. सांडपाण्याच्या प्लांटवर होतो. पाण्याचा पीएच किती, टीडीएस किती, कुठला पंप बंद, हे सगळं लिहून खाली ‘दिनानाथ’ अशी सही ठोकल्याशिवाय पाळी संपायची नाही. मार्चअखेर निवृत्त झालो, पण हात अजून पेन शोधतो. म्हणून ही डायरी. वाचणार कोणी नाही, तेव्हा खरं लिहायला हरकत नाही.

आज दिशाच्या खोलीत ढोबळी मिरचीची रोपं लावली. पोरगी लग्न होऊन पेणला गेल्यापासून ती खोली नुसती गाद्या ठेवायला होती. खिडकीला काळा कागद लावला, एक्झॉस्ट फॅनची जागा तेवढी मोकळी ठेवली. दिवे जावयांनी दिले. रितेशरावांचा गणपतीचा कारखाना आहे, मूर्तींचे डोळे रंगवायच्या खोलीसाठी आणलेले एलईडी त्यांना जास्त झाले होते. आता बाप्पाच्या डोळ्यांवर पडायचा तो उजेड माझ्या मिरच्यांवर पडतोय.

कुंड्यांत माती नाही, नारळाच्या काथ्याचा भुसा आहे. त्यात स्वतःचं सत्त्व काही नसतं. आपण पाण्यातून जे देऊ तेच झाडाला मिळतं, एक थेंब कमी नाही की जास्त नाही. म्हणजे सगळा कारभार माझ्या हातात. मला हेच आवडलं.

माझी बायको शांती दारात उभी राहून बघत होती. “मातीबिगर मिरची? आन ऊनबी नाय?”

मी तिला नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅश, कॅल्शियम सगळं नीट समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, “म्हंजे ह्यांना खायाला नुसती तुमची पावडर?”

“पावडर नाय, संतुलित आहार.”

“बिचारी,” असं म्हणून ती भात बघायला गेली.

२० एप्रिल, रविवार

यज्ञेश साहेबांचा फोन. आमचे प्लांट मॅनेजर, वयाने माझ्या मुलीएवढे. म्हणाले, काका, तुमच्या जागी घेतलेला मुलगा अजून तयार नाही, कंत्राटावर या, फक्त रात्रपाळी सांभाळा. खोटं कशाला लिहू, छाती फुगली. मी विचार करून सांगतो म्हटलं.

शांतीला सांगितलं तर ती ताट घासतच राहिली. गेल्या वर्षी रात्रपाळीवरून येताना मला डुलकी लागली आणि गाडीसकट गटारात गेलो, तेव्हापासून तिला गाडीचं नाव नको असतं. पण तो एकदाचाच प्रकार. मी तिला स्पष्ट म्हणालो, “मिरची धरली तर घरी राहीन. नाय धरली तर कंपनीत जाईन. रिकामा बसणार नाय.”

“धरली म्हंजे किती धरली?” तिने विचारलं.

“चांगली लगडली पायजे.”

तिने ताट धुऊन पालथं घातलं. बायकांना असल्या गोष्टींत रस नसतो.

३ मे, शनिवार

रोपं अशी काही उसळली आहेत की मलाच नवल वाटतंय. पानं तळहाताएवढी, गडद हिरवी. एकोणीस-एकोणीसचं खत मी पुस्तकी प्रमाणाच्या निम्मंच देतोय, तरी ही वाढ! दिशाला व्हिडिओ पाठवला. ती म्हणाली, “बाबा, तुमच्या हाताला गुण हाय.” मी म्हटलं, हाताला नाही, मीटरला. रोज पीएच बघतो. माप चुकलं नाही की झाड चुकत नाही.

शेजारचं मांजर हल्ली एक्झॉस्टच्या खिडकीत येऊन बसतं. दिव्यांची ऊब आवडत असावी. मे महिन्यात ऊब कशाला लागते, ते त्याचं त्यालाच माहीत.

परसातला कढीपत्ता मात्र पिवळा पडत चाललाय. म्हातारा झाला असेल.

१२ मे, सोमवार

शांती रोज सकाळी मला घराबाहेर काढते. चहाचा कप खाली ठेवायची खोटी, की “जावा, जरा पाय मोकळं करून या.” कुंडलिकेच्या पुलापर्यंत जाऊन येतो. तिथे माझ्यासारखेच घराबाहेर काढलेले दोन-चार निवृत्त भेटतात. आज परत आलो तर म्हणते, “एवढ्या लवकर?”

कंपनीत एक बरं असतं. तुमचा रिलीव्हर, म्हणजे पुढच्या पाळीवाला, येतो, समोर उभा राहून विचारतो, “काय ठेवलंय माझ्यापाठी?” मग आपण सांगायचं, अमुक टाकी भरत आणली आहे, तमुक पंप बघ. त्याने मान डोलावली की मगच घरी जायचं. घरात असं कोणी काही विचारत नाही आणि सांगतही नाही. त्यात शांतीचा दोष नाही. माझ्या पाळ्यांमुळे मी दिवसा झोपलेला, म्हणून तिने सगळं घर मला न उठवता चालवलं. आता मी टक्क जागा बसलेला असतो, तरी सगळं मला न विचारताच होतं. एकूण काय, मी घरात असलो काय आणि नसलो काय, तिला सारखंच.

हल्ली तिला झोप मात्र छान लागते. आधी सारखी डोळे चोळत असायची. बेडरूमला नवीन पंखा लावला त्याचा परिणाम.

२४ मे, शनिवार

पहिल्या कळ्या! आता नायट्रोजन कमी करून शून्य-बावन्न-चौतीसचं खत सुरू करतो. शांतीला बोलावून दाखवल्या. तिने एका कळीला हात लावला, मग दुसऱ्या हाताने पटकन नमस्कार केल्यासारखं केलं. “धरंल ना?” एवढंच विचारलं.

“धरणार नाय म्हंजे काय!”

११ जून, बुधवार

काहीतरी बिघडलंय. पानांच्या कडा तपकिरी, जळल्यासारख्या. कळ्या गळून पडताहेत, सकाळी कुंडीपाशी वेचाव्या लागल्या. खत जास्त झालं की कडा अशा जळतात, पण खत मी जास्त दिलेलंच नाही. दुसरं मीटर मागवलं, तेही तेच सांगतंय: मी देतो ते पाणी ठीक आहे, आणि कुंडीतून खाली निथळतं त्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, दुप्पट. आत जाणारं एक आणि बाहेर येणारं दुसरंच. सांडपाण्यात आयुष्य गेलं, पण असा प्रकार पाहिला नाही.

जेवायला सुकट आणि भाकरी. पावसाळ्यात मासेमारी बंद झाली की शांतीचे सुक्या मासळीचे डबे निघतात, सुकट, बोंबील, सोडे. मला आवडतं, पण आज चव लागली नाही.

२३ जून, सोमवार

नळाचं पाणी तपासलं, स्वच्छ. खताच्या दुकानदाराशी भांडून आलो. त्याने माझ्यासमोर नवीन पाकीट फोडून पाण्यात विरघळवून दाखवलं, मग त्याचाच चहा पिऊन परत आलो. मांजर सोडून कोणी खूश नाही. ते आता भर पावसातही खिडकी सोडत नाही.

शांतीचा चेहरा माझ्यापेक्षा पडलेला. दुपारी म्हणाली, “अशक्तपणा आला असंल. अजून काय तरी घालूया का?”

“अजून?” मी ओरडलोच. “आधीच जास्त झालंय गो! ह्यांना खाऊन खाऊन त्रास झालाय.”

“खाऊन कोन मरतं?” ती पुटपुटली. तिला एवढ्या साध्या गोष्टी कळत नाहीत आणि मी समजावण्याच्या मनःस्थितीत नाही.

७ जुलै, सोमवार

कंपनीच्या लॅबमधली समीक्षा भली मुलगी. निथळलेलं पाणी बाटलीत घालून नेलं, तिने लगेच तपासून दिलं. म्हणाली, “काका, ह्यात मीठ आहे. साधं खायचं मीठ. तुम्ही मिरचीला मीठ लावून ठेवलंय का?” लॅबमधल्या दोघी-तिघी हसल्या. मी पण हसलो, पण डोकं फिरलं. मीठ कुठून आलं?

परतताना प्लांटवर डोकावलो. नवीन मुलाने टाकीत सोडायच्या रसायनाचा दर चुकीचा लावला होता, मी आपणहून नीट केला. यज्ञेश साहेब बघत होते. म्हणाले, “काका, आमच्याकडे जागा आहे अजून.”

१६ जुलै, बुधवार

निम्मी पानं जळली. एकही मिरची नाही. दिवे लावून खोलीत बसलो की इस्पितळात बसल्यासारखं वाटतं.

संध्याकाळी साहेबांना फोन करून सांगितलं, गणपती झाले की येतो. शब्द दिला. शांती आतल्या खोलीत होती, तिला ऐकू गेलं असणार. बाहेर येऊन तिने पानं घेतली. जेवताना माझ्या ताटात सोड्यांचं कालवण दोनदा वाढलं आणि स्वतः अर्धी भाकरी खाऊन उठली. मी गेलो की तिला घर मोकळं होईल, हा विचार आला आणि मला वाईट वाटलं.

२४ जुलै, गुरुवार

सापडलं! काथ्याचा भुसा! नारळाची सोडणं किनाऱ्यावरच्या खाऱ्या पाण्यात भिजवतात, ते मीठ भुशात राहतं. वापरायच्या आधी तो नीट धुवायचा असतो, मी एकदाच धुतला होता. चूक माझी. रविवारी सगळ्या कुंड्या साध्या पाण्याने निथळून काढतो.

आज गटारी. शांतीने कोंबडी केली, सोबत शेवटची सुकट. उद्यापासून श्रावण. गौरी जाईपर्यंत ती मासळीला शिवत नाही आणि मलाही देत नाही.

१४ ऑगस्ट, गुरुवार

नवीन पालवी! एकाही पानाची कड जळलेली नाही. फुलं टिकली, आणि तीन झाडांवर बोराएवढ्या मिरच्या धरल्या आहेत. निथळणारं पाणीही शुद्धीवर आलं. भुसा धुतला तो मुहूर्तच चांगला. समीक्षाला फोन करून कारण सांगितलं, ती म्हणाली, “काका, पेपर लिहा ह्यावर.” लिहीनही.

मांजर यायचं बंद झालं. कढीपत्त्याला मात्र नवीन पानं फुटली आहेत. शांती हल्ली तांदळाचं धुवण त्यालाच घालते. जगात सगळ्यांचं बरं चाललंय.

फक्त शब्द देऊन बसलोय. आता मिरची धरली, म्हणजे माझ्याच अटीप्रमाणे मी घरी राहायला हवं. पण राहून करू काय? आज सकाळीही शांती म्हणालीच, “जावा, फिरून या.” मग रात्रपाळीच बरी. निदान तिथे कोणी वाट तरी बघतं.

२६ ऑगस्ट, मंगळवार

पेणहून गणपती आणला. रितेशरावांनी मूर्ती स्वतः निवडून ठेवली होती. दिशाने मला बाजूला घेऊन विचारलं, “बाबा, तुम्ही खरंच परत नाईटला जाणार?” मी म्हटलं, शब्द दिलाय. ती म्हणाली, “आईशी बोललात?” आईशी काय बोलायचं त्यात, मी म्हटलं.  मग तिने आईसाठी करंज्यांचा डबा दिला आणि कारखान्यातून कोणी हाक मारली म्हणून आत गेली.

३ सप्टेंबर, बुधवार

आजचं सावकाश लिहितो.

काल गौरी-गणपती गेले. आज सकाळी बाजारात ताजे बांगडे आले, शांतीने घेतले. मला चहा दिला, म्हणाली, “जावा, फिरून या.” मी निघालो. पुलाच्या अलीकडेच पावसाने गाठलं, छत्री घरी, म्हणून परतलो.

दिशाच्या खोलीचं दार अर्धं उघडं. आत शांती उकिडवी बसलेली, हातात टोप, आणि पायाशी मांजर, महिनाभराने हजर. वाटीने एकेका कुंडीत पाणी घालत होती. घालताना त्यांच्याशी बोलतही होती: “घ्या गो बायांनो, लय दिस उपाशी ठेवलं.”

“काय हाय ते?” मी विचारलं.

दचकून उभी राहिली. “बांगडं धुतलेलं पाणी.”

“कधीपास्नं घालतेस?”

“पयल्यापास्नं.” मग एकदम जोरात म्हणाली, “तुमच्या त्या पावडरीवर जगतील का ती? कढीपत्त्याला घालायची, तेच ह्यांना घालाय लागली. कशी वाढली बघितलंत ना?”

मी बादली पालथी घालून तिच्यावर बसलो. “आन जूनमधी? तवा कुठं होती ताजी मासळी?”

“तवा सुकट धुतलेलं. बोंबलाचं. सोड्यांचं.”

मीठ. साधं खायचं मीठ. आणि मी नळाला, दुकानदाराला, शेवटी थेट नारळाला दोष देऊन मोकळा झालो होतो.

“अगो, मरत होत्या त्या!”

“मरत होत्या म्हनून तर जास्त घातलं!” तिचा आवाज फुटला. “श्रावण लागला, घरात मासळी नाय. मला वाटलं आता संपलं सगळं.” म्हणजे मिरच्या वाचल्या त्या नुसत्या माझ्या धुण्याने नाही, श्रावणानेही.

“पण कशाला हे सगळं? तुला तर मी घरात नको असतो. रोज सकाळी हाकलतेस.”

“तुमी गेल्याबिगर घालू कशी?”

 तिने टोप खाली ठेवला आणि पदराने हात पुसत राहिली. मग म्हणाली, “तुमीच म्हनालात, धरली तर घरी राहीन. मग मी दुसरं काय करनार व्हती? तुमी नाईटला गेलात की मला झोप नाय. सकाळी गाडीचा आवाज आला, की आत्ताच उठल्यावानी करून चाय टाकायची. गटारात पडलात त्या दिवशी आवाज आलाच नाय. दारात उभी व्हती मी, चाय उकळून उकळून काळा झाला.”

“मला वाटलं पंख्यानं झोप लागते.”

“पंखा!” ती म्हणाली, आणि रडता रडता हसायला लागली. मीही हसलो. मांजर टोपात तोंड घालून बसलं, त्याला कोणी हाकललं नाही.

इतकी वर्षं एका घरात काढली आणि मी रात्रपाळीला असताना ती जागी असायची हे मला मिरचीकडून कळावं, याची लाज वाटली. आणि खरं सांगायचं तर फार बरंही वाटलं. इतकं बरं मला मिरची धरली तेव्हाही वाटलं नव्हतं.

४ सप्टेंबर, गुरुवार

साहेबांना फोन केला. म्हणाले, “काका, तुम्ही शब्द दिला होता.” मी म्हटलं, “व्हय साहेब, म्हणून त्या मुलाला मी दिवसा येऊन तयार करतो. पण रात्री नाय. रात्री माझी घरी ड्युटी हाय.” यावर ते म्हणाले, काकूंना नमस्कार सांगा.

मग शांतीला खोलीत बसवून मीटर हातात दिलं. पीएच कसा बघायचा, टीडीएस कुठवर चालतो, सगळं दाखवलं. दोनदा चुकली, तिसऱ्यांदा माझ्याआधी आकडा वाचला. ठरलं ते असं: सकाळचं पाणी ती देणार, संध्याकाळचं मी. मासळीचं पाणी परत कढीपत्त्याला. सुकटीचं कोणालाच नाही.

“एक कुंडी माझी,” ती म्हणाली. “तिला मी घालीन ते.”

“ताजं, आन पाणी घालून पातळ करून.”

“बगीन,” म्हणाली. म्हणजे ऐकणार नाही.

२० सप्टेंबर, शनिवार

पहिली मिरची लाल झाली. देठापासून टोकापर्यंत, कुठे डाग नाही. माझ्या कुंड्यांमधली नव्हे, शांतीच्या कुंडीतली. सकाळपासून मला तीनदा विचारून झालंय, “कोनाची वो ही?” शेजारणीला बोलावून दाखवली, दिशाला व्हिडिओ गेला, रितेशरावांनाही परत वेगळा गेला. माझ्या अजून हिरव्या आहेत. कारणं अनेक असू शकतात, दिव्याखालची जागा वगैरे, पण मी काढली नाहीत. दुपारी तिने त्याच मिरचीत सुकट घालून भाजी केली. मीठ बेताचं होतं. दोघांनी एकाच ताटात खाल्ली.

लिहायचं ते याच्या आधीचं, पहाटेचं. जुन्या सवयीने सहाला उठून खोलीत दिवे लावले. मागून बांगड्या वाजल्या. शांती चहाचे दोन कप घेऊन दारात उभी. मी तिला पाळीची ती रीत कधीतरी सांगितली होती, ती तिने लक्षात ठेवली होती. सरळ उभी राहिली आणि म्हणाली, “काय ठेवलंय माझ्यापाठी?”

मी सांगितलं: पीएच ठीक आहे, टाकी अर्धी आहे, कोपऱ्यातल्या झाडाला आधाराची काठी लावायची आहे, मांजराला आत घ्यायचं नाही. तिने मान डोलावली. “बरं. जावा, झोपा जरा.”

तिच्या हातात मीटर देऊन मी आत जाऊन पडलो. गाढ झोप लागली. उठलो तेव्हा ऊन वर आलेलं, अंग घामाने भिजलेलं. पंखा लावायचा राहून गेला होता.